दाराआडची

कॅलेंडरवरचा तो माणूस माझ्या डोक्यातून जाता जाईना. अंगात पांढरा झगा, उजवा हात वर, पायाखाली दगडी पायऱ्या, आणि समोर माणसंच माणसं, सगळी मान वर करून गप्प बसलेली. त्यात एक मूल रडत नाही, एक म्हातारा खोकत नाही. लहानपणी आमच्या पुढच्या खोलीत हे चित्र होतं आणि त्याखाली तारखा होत्या. दर वर्षी तारखा बदलायच्या, चित्र बहुधा तेच यायचं.

अकोल्याच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, मला बोलायला बोलावलं होतं. विषय तिथल्या पाळकांनीच फोनवर ठरवून टाकला: पहिल्या ख्रिस्ती लोकांनी चारचौघांत उपदेश कसा केला. "तुम्ही इतिहास शिकवता, तुमच्यासाठी हा डाव्या हाताचा मळ," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवते हे खरं. पण माझा अभ्यास वऱ्हाडातल्या जमीन महसुलाचा. रोमन साम्राज्य मी दर वर्षी बी. ए.च्या मुलांना घाईघाईने ओलांडून देते, जसा नाला ओलांडतात तसा. तरी मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून माझं बसणं-उठणं बिघडलं.

लिहायला बसले की तो झगेवाला येऊन उभा राहायचा. मी त्याला प्रश्न विचारायची. बाबा रे, तू त्या पायऱ्यांवर चढलास तेव्हा तुला कोणी हटकलं नाही का? पाणी कोणी दिलं? घसा बसला तेव्हा काय केलंस? समोरच्यांची भाषा तुला येत होती का? उन्हात एवढी माणसं कामधंदा सोडून तुझ्यासमोर बसली, त्यांच्या पोटापाण्याचं काय? तो आपला हात वर करून उभा. मला राग यायचा. मी उठून ओट्यावरची धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, पंखा लावायची, पंख्याने कागद उडाले की बंद करायची.

पुस्तकं चाळली तेव्हा एवढं कळलं की झगा आणि पायऱ्या चित्रकाराच्या पदरच्या आहेत. त्या काळचा सगळ्यात मोठा प्रेषित तंबू शिवायचा. म्हणजे त्याचं बरंच बोलणं सुई हातात धरून, मान खाली घालून, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता झालं असणार. एके ठिकाणी त्याला शिकवायला एक दिवाणखाना मिळाला, तोही, कुणी म्हणतात, भर दुपारचा, जेव्हा सगळं गाव झोपलेलं असतं आणि जागा रिकामी पडलेली असते. मार्चच्या अमरावतीत दुपारी कोण व्याख्यानाला येईल? ज्याला दुसरी वेळच नाही तो येईल. आणि एकदा तर तो इतका लांबला की खिडकीत बसलेला एक तरुण पेंगून खाली पडला. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझ्या वर्गाला खिडक्यांना गज आहेत, एवढाच फरक.

पण कळणं वेगळं आणि दिसणं वेगळं. मला तो दिसत नव्हता. म्हणून एक दिवस कॉलेज सुटल्यावर घरी न जाता मी इतवारा बाजारात गेले. तिथे जडीबुटी विकणारा एक माणूस बसतो. सायकलला बॅटरी, बॅटरीला भोंगा, पुढ्यात जमिनीवर चुन्याचं रिंगण आणि रिंगणात झाकलेली टोपली. टोपलीत काय आहे ते तो शेवटी दाखवणार असतो. मी बराच वेळ उभी राहिले, पण शेवट काही आला नाही. माणसं यायची, टोपलीकडे बघायची, कंटाळून जायची, त्यांच्या जागी दुसरी यायची. ऐकायला म्हणून कोणीच आलेलं नव्हतं. एकजण सावलीसाठी उभा होता, एकजण ऑटोची वाट पाहत होता. एक बाई त्याच्याकडे पाठ करून शेजारच्या हातगाडीवर सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. सांभाराची जुडी केव्हाच निवडून झाली होती, तरी ती काड्या खुडत तिथेच उभी होती. सगळ्या घोळक्यात तीच एक ऐकत होती असं मला वाटलं, पण खात्रीने कसं सांगणार?

घरी आले तर आई दारातच खुर्ची टाकून बसलेली.

"कुठी गेलती?"

"बाजारात. उपदेश ऐकायला."

"काय आनलं?"

मी मोकळे हात दाखवले. तिने नुसती मान हलवली. ऐंशी ओलांडलेली माझी आई हल्ली कमी ऐकते. कानात घालायचं यंत्र आहे, पण ते तिला आवडत नाही. ते एका डबीत असतं आणि डबी तिच्या पदराच्या गाठीत असते.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या विषयाचं उत्तर माझ्या घरात खुर्ची टाकून बसलं होतं आणि मी ते इतवारा बाजारात शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. आई मंडळीच्या वतीने खेड्यांत जायची, बायकांमध्ये. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाचं पुस्तक. आठवड्याचे वार ठरलेले, गावं ठरलेली. गावातले लोक तिला पुस्तकवाली बाई म्हणायचे. पुरुष उपदेशक बाजाराच्या दिवशी झाडाखाली पेटी वाजवून बोलायचे. आई कधी झाडाखाली उभी राहिली नाही. तिचं काम दारात, ओट्यावर, विहिरीपाशी.

सुरुवातीची तिची एक फजिती आमच्या घरात कायमची होऊन बसली आहे. तिला शिकवलं होतं की दारात गेल्यावर म्हणायचं, "बाई, मी चांगली खबर घेऊन आली." शुभवर्तमान या शब्दाचा तो साधा अर्थ. पण नीटनेटकं लुगडं नेसलेली, पायात चपला, खांद्याला पिशवी असलेली अनोळखी बाई दारात येऊन चांगली खबर आणली म्हणते, तेव्हा वऱ्हाडात त्याचा एकच अर्थ होतो. तिने स्थळ आणलं. घरात धावपळ व्हायची. सतरंजी, पाणी, चहा. लग्नाची पोरगी आत लपायची. सासू पदर सावरून विचारायची, "मुलगा काय करते?" आई म्हणायची, "तो सुताराचा मुलगा." शेतीवाडी किती, विचारलं की आई म्हणायची, "त्याचं राज्य या जगातलं नाही." मग चेहरे उतरायचे. एवढ्यात चहा आलेला असायचा, तो परत कसा नेणार? चहा संपेपर्यंत लोक ऐकून घ्यायचे. आईचा बहुतेक उपदेश एक कप चहात बसवलेला होता.

मी हे त्या दिवशी तिला यंत्र घालायला लावून पुन्हा सांगायला लावलं आणि कधी नाही ते वहीत टिपून घेतलं. शुभवर्तमानासाठीचा मूळ ग्रीक शब्दही असाच रोजचा होता, लढाई जिंकल्याची खबर, राजाला मुलगा झाल्याची खबर. त्या झगेवाल्यालाही लोकांनी विचारलं असणार, कोण जिंकलं बाबा, आता करपट्टी वाढणार का? मला पहिल्यांदा काहीतरी दिसायला लागलं. मी उत्साहात आले, आणि उत्साहात माझी जीभ सुटते.

"पण तू पुढे काय करायचीस माहीत आहे का?" मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं. "चहा घेताना वऱ्हाडी बोलायचीस आणि पुस्तक उघडलं की एकदम 'तो त्यांस म्हणाला'. वलगावासारख्या खेड्यात कोण 'त्यांस' म्हणतं? मुळात ते पुस्तक बाजारच्या भाषेत लिहिलेलं आहे. भाजीवाल्याची ग्रीक. आणि तू ते असं वाचायचीस की बायकांना वाटायचं कोर्टाचा कागद आला."

"शब्द बदलाचा नाई म्हून सांगतलं होतं," आई म्हणाली.

"कोणी?"

"सगळ्याइनंच. शब्द त्याचा हाये. आपला नाई."

"मग ऐकणारीला कळला नाही तरी चालेल?"

आईने पदराची गाठ सोडली, डबी काढली, कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि गाठ पुन्हा मारली. भांडणातून उठून जायची ही तिची रीत. गुडघ्यांमुळे तिला खरंच उठून जाता येत नाही.

संध्याकाळी पाळकांचा पुन्हा फोन आला. माझ्या व्याख्यानानंतर आईचा सत्कार करायचं ठरलं होतं, शाल-श्रीफळ देऊन. "एवढी वर्षं सेवा केली त्यांनी. आता अशा बाया राहिल्या कुठे?" मी आनंदाने आईला सांगायला गेले. तिने यंत्र घातलं, ऐकलं, आणि नाही म्हणाली.

"कायची शाल?"

"तुझ्या कामाची."

"माहं कोनी ऐकलं म्हून शाल देऊन राह्यले का ते? एक बाई आली का माह्या मांगं? चहा पेली आन उठून आली, उठून आली. दुपारीच सांगतलं ना तुनं, लोकाइले कोर्टाचा कागद वाटे."

मी म्हटलं, मी तसं म्हणाले नव्हते. ती म्हणाली, तसंच म्हणाली होतीस. आणि मी तसंच म्हणाले होते.

त्या दिवसानंतर ती आणि मी, दोघी घरात फिरत राहिलो. ती काठी टेकत मागच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. मी भाषणाचं पहिलं वाक्य लिहायची आणि खोडायची. माझ्याच घरात माझ्याच माणसाला तिच्या आयुष्याचा हिशेब लागेना, आणि मी लोकांना दोन हजार वर्षांपूर्वीचं काय सांगणार होते? तिला अकोल्याला न्यायचं एवढाच हट्ट मी धरला. तिने तो कानातच घेतला नाही. तिच्याकडे तशी सोय होती.

एका सकाळी मी भाजी चिरत असताना ती आपणहूनच बोलायला लागली. "वलगावात एक होती. दाराआडची."

मी चाकू थांबवला.

वलगावातलं ते घर मोठ्या शेतकऱ्याचं. सासरा ओसरीत बसलेला असायचा, त्यामुळे सुना बाहेर यायच्या नाहीत. सासू आईसमोर बसायची, पण सासूचं लक्ष आईच्या चपलांकडे, नाही तर अंगणातल्या वाळवणाकडे. आतल्या दाराच्या आड मात्र कोणीतरी उभं असायचं. आईला दिसायचा तो फक्त हिरवा चुडा आणि जमिनीवर टेकलेलं एक पाऊल. आई बोलायला लागली की ते पाऊल यायचं, आई उठली की जायचं. मधूनच नाहीसं व्हायचं, पुन्हा यायचं. अशी कितीतरी वर्षं. चेहरा कधी दिसला नाही. नाव विचारायची सोय नव्हती. घरी येऊन आई वडिलांना सांगायची, "आज दाराआडची होती." किंवा, "आज दाराआडची नव्हती."

"ते ऐके का नुसतीच उभी राहे, मले आजपावतर समजलं नाई," आई म्हणाली. "ऐकलं असन तं तिनंच. तिनं नाई ऐकलं तं कोनीच नाई."

मी म्हटलं, चल, विचारून येऊ.

म्हणायला म्हटलं, पण मला धाकधूक होती. हल्लीचे दिवस असे, की अनोळखी दारात पुस्तक घेऊन उभं राहिलं तर लोक तोंड बघत नाहीत, पिशवी बघतात. कोण आहे, काहून आले, कोणी पाठवलं. एखाद्याने फोन काढून चित्रण सुरू केलं तर म्हाताऱ्या बाईला घेऊन मी कुठे पळणार? हे आईला कसं सांगावं याचा विचार करत होते, तोवर तिने कापडी पिशवी रिकामी करून खुंटीला टांगून टाकली होती.

"पुस्तक नाही घेत?" मी विचारलं.

"ऐकाले चालली ना मी. सांगाले थोडी."

परतवाड्याच्या रस्त्याला ऑटोत बसलो. आई कानात यंत्र घालून सरळ बसली होती, परीक्षेला निघाल्यासारखी. वलगावात उतरल्यावर तिला काही ओळखेना. ओसरीच्या जागी स्लॅबचं घर होतं, अंगणात मोटारसायकल. पण बाजूच्या भिंतीवरून तिने गल्ली ओळखली आणि मी दारावरची कडी वाजवली. पन्नाशीची एक बाई आली. हात पिठाचे.

"कोन पायजे?"

"तुमच्या सासूबाई हायेत का?" आई म्हणाली.

"हायेत. काय काम होतं?"

"काम नाई काई. भेटाले आली."

बाईने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पर्सकडे. "काई विकाचं हाये का? आमी काई घेत नाई."

मी काहीतरी खोटं पण सोयीचं बोलायला तोंड उघडलं. एवढ्यात आतून आवाज आला, म्हाताऱ्या बाईचा, चिरका.

"कोन वो ते? पुस्तकवाली बाई हाये का?"

आईला ते ऐकू आलं नाही. ती सुनेच्या तोंडाकडेच बघत होती, आता दार लागेल म्हणून. मला तिचा दंड धरून कानात सांगावं लागलं, "आई, तुला ओळखलं तिने. आवाजावरून." आईने माझ्याकडे पाहिलं. मग दंड सोडवून घेतला आणि पदर सारखा केला.

आत गेलो. पलंगावर बसलेली बाई आईपेक्षा थोडी लहान असेल. दोघींनी एकमेकींना नीट न्याहाळलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच.

"अशा हाय का तुमी," पलंगावरची म्हणाली. "मले वाटे उंच असान."

"मले तं तुमचं पाऊलच मालूम," आई म्हणाली. तिने यंत्र नीट केलं आणि खुर्ची सरकवून पलंगाला लावली. एवढी घाई मी तिच्यात बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. चहा यायच्या आत तिने विचारून टाकलं. "तवा मी बोलो, ते तुमी ऐका का?"

"आता बाप्पा. नाई तं काहून उभी राहू तिथं? तुमची वगारीची गोष्ट तं आमच्या घरात साऱ्या पोराइले मालूम हाये."

आईच्या कपाळाला आठी पडली. "वगारीची? मी वगारीची गोष्ट सांगतली नाई कधी."

"सांगतली ना वो. लय म्हशी रायतात एका मानसाच्या, आन एक वगार चुकते."

पुस्तकातली मेंढरांची गोष्ट होती ती; वगार, म्हणजे म्हशीची रेडी, त्यात कुठेच नव्हती. शंभर मेंढरं, एक हरवतं. आई ती अशी सांगायची की एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ती ताठ झाली. "मेंढरं होती. शंभर."

"असतीन. पन आमच्या घरी मेंढरं कोनं पाह्यली? धनगर बसाचे वावरात तवाच. आन शंभर ढोरं कोनापाशी रायतात? मी मधातच उठून जाओ दूध पाह्याले, उतू गेलं तं सासू बोले. मंग जे सुटलं ते मीच भरलं. अर्धी तुमची, अर्धी माही."

सून चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. म्हातारी सांगायला लागली. बाकीच्या म्हशी गोठ्यात बांधून तो माणूस त्या एका वगारीच्या मागे निघतो. नाल्यात पाहतो, पराटीत, कापसाच्या उभ्या पिकात, पाहतो. लोक म्हणतात, बह्याड झाला का, एका वगारीसाठी रान तुडवून राहिला. शेवटी ती त्याला दिसते.

"मंग तिले खांद्यावर घेते," आई पुढे झाली. गोष्टीत तसंच आहे.

"वगार कायची खांद्यावर येते वो बाई. मानूस मोडन. तो तिच्या मांगं-मांगं चालते. ढोराले घरची वाट मालूम रायते, फक्त मांगं कोनीतरी पायजे. मंग ते घरी येते. मंग तो शेजाऱ्याइले बलावते आन चहा पाजते."

मला तिचा चेहरा ओळखीचा होता. माझ्या निबंधातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला की हाच चेहरा व्हायचा. आता ती सुधारणार, मला वाटलं. सगळं सुधारणार, मेंढरापासून खांद्यापर्यंत.

तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "माही पोरगी सासरून निंगून आलती. मालक म्हने, घरात घेनार नाई. ते बडनेऱ्याच्या टेसनावर बसून, घरी याची हिंमत नाई तिची. मालकाशी कोन बोलन? त्याच्यासमोर कोनी तोंड उघडे नाई. मी त्याले जेवाले वाढलं आन पोराइले गोष्ट सांगाले बसली, वगारीची. त्याले ऐकू जाईन अशी. तो ताटावरून उठला, चपला घातल्या आन बडनेऱ्याले गेला. पोरगी पुढं आली आन तो तिच्या मांगून आला, मुक्यानं. म्हून मी सांगतो तसंच. मांगं-मांगं."

सुनेने चहा खाली ठेवला. "अजून सांगतात," ती मला म्हणाली. "माह्या पोराइलेबी सांगतली."

आईने कप उचलला नाही. तिने फक्त एक प्रश्न विचारला, अगदी हळू. "गोष्टीतला तो मालक कोन, ते सांगता का पोराइले?"

"कोन म्हंजे? ढोराचा मालक."

ज्या प्रभूसाठी ती एवढी वर्षं उन्हातान्हात खेडी पालथी घालत फिरली, त्याचं नाव त्या गोष्टीत नव्हतं. दुधावर लक्ष ठेवायला उठलेल्या एका बाईच्या हातून ते कुठेतरी गळून पडलं होतं. आईचं तोंड उघडलं. मला आतून वाटत होतं की तिने सांगू नये, आणि हेही वाटत होतं की सांगावं, तिचा तो हक्क होता. मी चहाच्या कपाची कड बोटाने पुसत राहिले.

आईने तोंड मिटलं. मग म्हणाली, "दुसरी कोनती मालूम हाये? सांगा ना." आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

परतताना ऑटो अमरावतीजवळच्या नवसारीच्या पुढे आल्यावर ती म्हणाली, "गोष्ट राह्यली. नाव नाई राह्यलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते सुखाचं की दुःखाचं, मी विचारलं नाही, तिलाही ते सांगता आलं नसतं. थोड्या वेळाने तिने मला कोपराने ढोसलं. "अकोल्याले जाऊ. पन भाषन नाई देत मी."

अकोल्याला बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने गेलो. मंडळीच्या सभागृहात पंखे होते, पण वारा नव्हता. माझं भाषण बरं झालं. मी झगेवाल्याला पायऱ्यांवरून खाली उतरवलं, त्याच्या हातात सुई दिली, भर दुपारच्या रिकाम्या जागेत नेऊन बसवलं. खिडकीतून पडलेल्या तरुणाची हकिगत सांगितली तेव्हा लोक हसले, दुसऱ्या रांगेतले एक आजोबा सोडून. ते झोपले होते. पाळकांनी आभार मानले. मग आईला शाल पांघरली, हातात नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून तिच्या तोंडासमोर माईक धरला.

आईने आयुष्यात माईक धरला नव्हता. तिने तो भाजीच्या पळीसारखा धरला, तोंडापासून लांब. मी उठून जवळ गेले, तिला खाली बसवावं म्हणून. तिने मला हाताने मागे सारलं.

"एका मानसाच्या लय म्हशी होत्या," ती म्हणाली. "त्यातली एक वगार चुकली."

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या जुन्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, त्यांना मेंढरं तोंडपाठ होती. ज्या बाईने आयुष्यभर एक शब्द बदलला नाही, ती नाला सांगत होती, पराटी सांगत होती. खांद्याशी आली तेव्हा क्षणभर थांबली.

"खांद्यावर नाई घेतली त्यानं," आई म्हणाली. "मांगं-मांगं चालत आला."

सभागृहाच्या डाव्या बाजूला स्वयंपाकघराचं दार होतं. जेवण रांधणाऱ्या बायका आवाज ऐकून तिथे येऊन उभ्या राहिल्या होत्या, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. एकीच्या हातात झारा. पाळकांनी त्यांना खुणेने आत येऊन बसायला सांगितलं तशा त्या लाजून मागे सरल्या, आणि दाराच्या आडून नुसती पावलं दिसायला लागली. आईने ती पाहिली. लोकांकडे पाठ करून ती अख्खी त्या दाराकडे वळली.

"राहू द्या त्याइले तिथंच," ती म्हणाली. "तिथूनबी ऐकू येते."